तिसरी गोळी

९ जानेवारी

चिंगे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोन सोडून पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर दोन वाक्यं झाली की मला खोकला येतो, मग तू गप्प होतेस, मग फोन तुझ्या वहिनीच्या हातात जातो आणि तुम्ही दोघी मी वारल्यासारखं माझ्याबद्दल बोलत बसता. कागदावर निदान मला माझं वाक्य पुरं करता येतं.

तुझ्या शब्दावर तुमच्या त्या औषधाच्या चाचणीत नाव घातलं. कालपासून गोळ्या सुरू झाल्या. इथल्या केंद्रावरच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, की माझा क्षय हट्टी जातीचा आहे, नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. जुन्या पद्धतीने दीड वर्ष गोळ्या आणि वर कित्येक महिने सुया. नव्या पद्धतीने सहा महिने आणि नुसत्या गोळ्या. आपल्या गल्लीतला कुलूपवाला आठवतो ना? तो त्या सुयांनी बरा झाला, पण आता त्याच्या कानाशी डबा बडवला तरी मान वळवत नाही. त्यामुळे मी काही फार विचार केला नाही.

तीन तऱ्हेच्या गोळ्या आहेत. पहिल्या दोन गरीब. तिसरी मात्र ओव्हरकोटाच्या बटणाएवढी, घशात बसकणच मारते. खरी चाचणी तिचीच. कुणाला पूर्ण मात्रा, कुणाला अर्धी, आणि कुणाला किती ते देणाऱ्यालाही माहीत नसतं म्हणे. मी डॉक्टरांना म्हटलं, म्हणजे तुमच्याही डोळ्यांना फडकं आणि आमच्याही. ते हसले नाहीत.

दुकान बंद आहे, पण काम घरी येतं. कपड्यातून हा रोग जात नाही हे दोनदा विचारून घेतलं. तुझी वहिनी कपडे आणते-नेते आणि मी मागच्या खोलीत खिडकीशी बसून रफू करतो. माझा पेला वेगळा, पांघरूण वेगळं, तोंडाला पट्टी. साखरेचं दुखणं आधीपासून होतंच, त्यामुळे गोडाधोडाचा प्रश्न नाही. एकूण सासुरवास चालू आहे.

तुझा दादा

२० जानेवारी

दादा,

तुझं पत्र वॉर्डात उभ्याने वाचलं आणि हसले, तर शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी विचारलं, लग्न ठरलं का. ह्या वयात, म्हटलं, आता फक्त बदली ठरते.

आता नर्स म्हणून ऐक. तिसरी गोळीच रोगाला मारते आणि तीच त्रासही देते. रक्त कमी करते, हातापायांच्या नसांवर जाते, डोळ्यांवर जाते. वेळेत कळलं तर मात्रा कमी करतात किंवा थांबवतात, आणि बहुतेक सगळं भरून येतं. वेळेत कळणं हेच आमचं काम. म्हणून दर भेटीला ती मुलगी तुला प्रश्न विचारेल. ते प्रश्न मराठीत मी केलेत, माहीत आहे का तुला? आधी कुणीतरी 'दृष्टिविषयक तक्रारी आढळतात का' असं लिहून ठेवलं होतं. मी मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, अहो, असं विचारलंत तर माणसं घाबरून नाहीच म्हणतील. साधं विचारा, 'डोळ्यांना काही त्रास?' त्यांना पटलं. आता सगळ्या केंद्रांवर माझेच प्रश्न चालतात, तेव्हा थोडा मान राखून उत्तरं दे.

आणि दादा, तिथे फुशारकी मारू नकोस. 'बरंय, चाललंय' असलं काही सांगू नकोस. जे होतंय ते सगळं सांग. वहिनीला म्हणावं, ह्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव.

चिंगी

२७ फेब्रुवारी

चिंगे,

खोकला गेला. गेला म्हणजे अगदी गेला, त्याची सवय झाली होती म्हणून आता रात्र मोकळी मोकळी वाटते. बेडक्याच्या तपासणीत जंतू नाहीत. वजन वाढलं. तुझी वहिनी त्या दिवशी भिंतीला टेकून रडली आणि मग मलाच म्हणाली, रडताय काय.

केंद्रावर मला एक सोबती मिळालाय, मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, रोग तोच, गोळ्या त्याच. बाकावर शेजारी बसून सगळ्यांची भाषा सुधारत असतात. परवा प्रश्नवाली मुलगी म्हणाली, 'काका, थुंकीचा सॅम्पल दिला का?' तर मास्तर म्हणाले, 'नमुना दिला का, आणि आधी नमस्कार.' डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ताही ते इतक्या खणखणीत आवाजात वाचतात, की बाकावरच्या सगळ्यांना तो पाठ झालाय. तुझ्या प्रश्नांना मान देऊन उत्तरं देतो. तळपायांना मुंग्या येतात ते सांगितलं. साखरवाल्यांना येतातच, असं डॉक्टर म्हणाले.

एक गंमत. एका बाईचा लाल कोट रफूला आला होता, कोपरावर कसरीने खाल्लेला. दोन दिवस बसून असा भरला, की मलाच जागा सापडेना. बाईने परत पाठवला. म्हणे लाल कोटाला तपकिरी दोरा घातलाय. तीस वर्षं रफू करतोय, चिंगे, आणि ही बाई मला लाल आणि तपकिरी शिकवते. वहिनीबरोबर निरोप दिला, की कोट उन्हात धरून बघा. तिने दुसऱ्याकडे नेला. नेऊ दे, तिचंच नशीब.

दादा

१० मार्च

दादा,

जंतू नाहीत हे वाचलं आणि माझा जीव भांड्यात पडला. इथे दोघातिघांना सांगून झालं. ज्यांना रोज गोळ्या देते त्यांना आता अधिकाराने सांगते, माझ्या भावाला बघा.

कोटवालीचं वाचून पोट धरून हसले. तू मागे त्या वकिलाला, 'भोक कुठे होतं ते दाखवा मग पैसे परत देतो,' असं म्हणाला होतास, तो मासला. पण त्या मागच्या खोलीत उजेड कमीच आहे, मोठा दिवा लाव. मुंग्यांचं मलाही साखरेचंच वाटतं, तरी दर वेळी सांगत राहा.

अक्षर किती मोठं काढलंयस ह्या वेळी. एका पानात मावलं असतं ते तीन पानं केलीस. हातात जोर आला म्हणायचा. बरं वाटलं बघून.

चिंगी

२ एप्रिल

चिंगे,

मास्तर गेले. त्यांचं रक्त फार उतरलं म्हणून तिसरी गोळी बंद केली आणि चाचणीतून काढून जुन्या लांबणीच्या औषधावर घातलं. आठवडाभर आले, मग यायचे थांबले. प्रश्नवाली मुलगी विचारायला घरी गेली तर घराला कुलूप. नंतर कळलं, गावी नेलं होतं, तिथेच संपले. बाकावर त्यांच्या जागी कुणी बसत नाही.

मला कशाचाच त्रास नाही. तेच सांगतो.

दादा

१५ एप्रिल

दादा,

मास्तरांचं वाचून वाईट वाटलं. रक्त उतरलं तर गोळी थांबवावीच लागते रे, नाहीतर तसेही गेले असते. पण बाकावर बसलेल्यांना हे असं दिसत नाही हेही मला कळतं. त्यांना दिसतं ते एवढंच, की गोळी बंद झाली आणि माणूस गेला.

तू फारच थोडं लिहिलंस, आणि ओळी एकमेकींवर चढल्यात. 'संपले' हा शब्द तर दुसऱ्या शब्दावरच लिहिलायस. दुःखात लिहिलं असशील.

इकडे मागच्या आठवड्यात एक प्रकार झाला. आमच्याकडे एक बसचालक आहे, तिसरी गोळी चालू. मी नेहमीप्रमाणे विचारलं, डोळ्यांना काही त्रास? नाही म्हणाला. उठून दारापर्यंत गेला आणि सहज म्हणाला, बाई, हल्ली सिग्नलचे लाल दिवे पुसट का करून ठेवलेत, सगळे मातकट दिसतात. मी त्याला तिथल्या तिथे खुर्चीत बसवलं. डोळ्यांची नस दुखावली, की आधी लाल रंग विटतो, हे आम्हाला शिकवलेलं असतं. गोळी त्याच दिवशी बंद केली. आता म्हणतो थोडं थोडं परत येतंय. नशीब, की तो बस चालवतो आणि त्याला रोज लाल रंग बघाव

दादा, तो कोट.

दादा, तो लाल कोट होता ना. तपकिरी दोरा तूच घातलास ना.

आता फोन केला, तू उचलला नाहीस. परत केला. वहिनीचाही लागत नाही. हे पत्र असंच टाकते आहे. हे मिळताच केंद्रावर जा आणि त्यांना लाल काही दाखवायला सांग. गोळी घेऊ नकोस. पुढची घेऊच नकोस. माझं ऐक.

२४ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र मी वाचलं. यांना मी वाचून दाखवलं, कारण यांना आता वाचता येत नाही. फोन यांनीच बंद करून ठेवले होते, माझासुद्धा.

मला मार्चपासून माहीत होतं. आधी दोऱ्यांच्या डब्या मी रंगांप्रमाणे लावून द्यायला लागले. मग म्हणाले, सुई तूच ओवून दे, अंगठा दुखतो. मग चहा पेल्याच्या बाहेर ओतला आणि मलाच म्हणाले, पेला हलवलास. मी म्हटलं, डॉक्टरांना सांगते. त्यावर म्हणाले, सांगितलंस तर मास्तरांसारखं होईल, तुला मी हवा आहे की माझे डोळे हवे आहेत. वन्सं, मी काय म्हणायचं होतं? मी गप्प बसले. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत ते मला सांगा, पण नर्स म्हणून नको.

तुमचं पत्र आल्यावर मात्र मी यांचं काही ऐकलं नाही. रिक्षात घालून केंद्रावर नेलं. तिथे कळलं, की यांनी तक्तासुद्धा पाठ म्हटला होता, मास्तरांकडून ऐकून. ती प्रश्नवाली मुलगी कागद दाखवून रडायला लागली. प्रत्येक भेटीला तिने विचारलं होतं आणि प्रत्येक भेटीला यांनी 'त्रास नाही' सांगितलं होतं. तिसरी गोळी बंद केली. बाकीच्या दोन आणि आणखी एक असं चालू ठेवलंय. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, वाट बघू.

तेव्हापासून हे माझ्याशी बोलत नाहीत. बोलायचं असलं, की खिडकीशी बोलतात.

मला तुमचा राग आलाय हे लिहून ठेवते. यांना त्यात तुम्ही घातलंत. यांचा जीव तुम्ही वाचवलात हेही मला कळतं. दोन्ही एकदम मनात येतं आणि मग स्वयंपाक करपतो.

वहिनी

१२ मे

चिंगे,

हे तुझी वहिनी लिहिते आहे, मी सांगतो आहे. बोलायला लागलो तिच्याशी. न बोलून जाणार कुठे, दार तीच उघडते.

पहिली गोष्ट, मी खोटं बोललो नाही. तू विचारलंस, डोळ्यांना काही त्रास? त्रास म्हणजे काय ग? दुखतात का, नाही. खुपतात का, नाही. पाणी येतं का, नाही. काही म्हणता काही त्रास नव्हता माझ्या डोळ्यांना. फक्त दिसत नव्हतं. दिसतं का असं कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर काय म्हणालो असतो ते मला माहीत नाही, पण तोंडावर खोटं बोलायला मला जड गेलं असतं. तू मला ती सोय करून दिलीस.

(वन्सं, हे वाक्य मी गाळणार होते. यांनी दोनदा विचारलं, लिहिलंस का. म्हणून लिहिलं.)

दुसरी गोष्ट, मला भीती वाटत होती. ती चारचौघांत सांगायची नसते म्हणून सांगितली नाही. छातीत तो खोकला परत येईल, रक्त पडेल, ही पुन्हा माझं अंथरूण वेगळं करील, आणि मी मागच्या खोलीत एकटा मरेन. त्यापुढे लाल रंग गेला तर गेला असं वाटलं. नंतर हिरवा गेला. मग समोर बसलेल्या माणसाचे नाकडोळे गेले, कडा राहिल्या. तोवर मी रोज सकाळी स्वतःला सांगत होतो, अजून थोडे दिवस, मग गोळी संपेल.

ये एकदा. रजा मिळाली तर.

दादा

१२ जुलै

दादा, आणि वहिनी,

तुमच्याकडून परत आले तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणते आहे. तू दारात उभा राहून 'आलीस का' म्हणालास आणि माझ्या कानाकडे बघत होतास. कडेने थोडं दिसतं म्हणून तसं बघतोस हे मला माहीत आहे, आम्हाला हे शिकवलेलं असतं. तरी मी मागे वळून पाहिलं, कोण आहे म्हणून. ते तुला कळलं असेल तर मला माफ कर.

डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलले. जे आहे ते एवढंच राहील असं त्यांना वाटतं. तळपायांच्या मुंग्या हातांपर्यंत चढल्या, तो बोटांमधला बधिरपणाही काही दिवसांत जाणारा नाही. छाती मात्र स्वच्छ आहे. औषधांचा शेवटचा डोस झाला. आमच्या कागदांवर तू 'बरे झालेले' ह्या रकान्यात आहेस, आणि दुष्परिणामांच्या रकान्यात एक खूण आहे. दोन्ही खरं आहे.

मी मोठ्या डॉक्टरांकडे गेले होते. म्हटलं, 'त्रास' हा शब्द काढा. ते म्हणाले, बाई, तुमच्या भावाने लपवलं, शब्दाचा काय दोष. मी म्हटलं, लपायला जागा मी करून दिली. दोन आठवडे भांडले. आता प्रश्न असा आहे: 'समोरच्या माणसाचा चेहरा पूर्वीसारखा दिसतो का?' आणि हातात लाल कापड देऊन रंग विचारायचा. मास्तरांचंही सांगितलं. ज्यांची गोळी थांबते त्यांच्या घरी आता पहिले दोन महिने कुणीतरी जाणार आहे. ह्याने तुला काही मिळत नाही, मला कळतं.

परवा नवीन गट सुरू झाला. एक माणूस आला, गवंडी आहे, घरी दोन लहान मुली. सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, तुमच्या घरच्याला दिलं असतं का हे औषध? आम्ही अशा वेळी काय बोलायचं ते ठरलेलं असतं. मी म्हटलं, दिलंय. भावाला. तो म्हणाला, मग? मी म्हटलं, जिवंत आहे. आंधळा झालाय. कारण आम्हाला वेळेत कळलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

त्याने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मला वाटलं उठून जाईल, आणि जुन्या औषधावर गेला असता तर त्याचं काय झालं असतं ते मला माहीत आहे. मग त्याने सही केली. मला म्हणाला, तुम्ही रोज विचारा, मी रोज सांगीन. तो गेल्यावर मी कपाटाच्या आड जाऊन रडले. वहिनी, तू विचारलं होतंस तुझ्या जागी मी काय केलं असतं. मीही गप्प बसले असते. नर्स म्हणून नाही, तू म्हणाली होतीस तसं.

चिंगी

३ ऑगस्ट

वन्सं,

तुमचं पत्र मी यांना सलग दोनदा वाचून दाखवलं. गवंड्याचं आलं तेव्हा म्हणाले, थांब, आणि उठून खिडकीशी गेले. नंतर म्हणाले, पुढचं वाच.

दुकान उघडलंय. सुई मी धरते. यांच्याकडून शिकते आहे, आणि शिकवायला हे फार वाईट आहेत. 'कापड काय म्हणतंय ते बघ,' असं म्हणतात. मी म्हणते, कापड काही म्हणत नाही, तुम्हीच म्हणता. ताणा कसा धरायचा, दोरा कुठून काढायचा, सगळं तोंडी. माझी बोटं सुजतात. पहिले दोन कपडे गिऱ्हाइकांनी हसून घेतले, तिसऱ्याने घेतलाच नाही.

अडचण अशी होती, की मी केलेलं काम तपासणार कोण. यांना दिसत नाही. बोटांनी चाचपायला दिलं तर बोटांना कळत नाही, हातमोजा घातल्यासारखं होतं म्हणतात. काही दिवस नुसते कपडा मांडीवर घेऊन बसायचे आणि परत द्यायचे, ठीक आहे म्हणून. ठीक नसायचं, मला कळायचं.

मग परवा मी पाणी आणायला आत गेले होते. परत आले तर यांनी एका मुलीचा लोकरीचा सदरा तोंडाशी धरलेला. मला वाटलं वास घेतायत. तर रफूची जागा ओठांवरून हळूहळू फिरवत होते, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. सहा महिने ज्या तोंडाला पट्टी बांधून ठेवली, ज्या तोंडाचा पेलासुद्धा मी वेगळा घासायचे, त्याने. मी दारातच उभी राहिले. यांना मी आलेली कळली नव्हती.

मग म्हणाले, "इथे एक गाठ वर राहिलीय. मुलीच्या मानेला टोचेल."

मी जाऊन बघितलं तर खरंच गाठ होती. मी ती उसवली आणि पुन्हा बसले.

वहिनी